अनुदान येईल, पण मिरची कशाने घ्यायची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. दहा जणींच्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. गटाला सहा वर्षं झाली, बँकेचा हप्ता एकदाही थकलेला नाही. चार वर्षांपासून गट कांदा-लसूण चटणी करून विकतो. गेल्या हंगामात ४०० किलो मिरची कुटली, तालुक्याच्या गावी नेऊन, किलोला ४० रुपये देऊन. आता गटातल्या एकीचा पुतण्या म्हणतो, १० लाखांचा प्रकल्प टाकू. मिरची भाजायचं यंत्र, कांडप, पॅकिंग सगळं त्यात. अनुदान ३५ टक्के आणि ‘तुम्हाला पदरचा एक रुपया घालायचा नाही.’ फाइलचे २० हजार रोख, मशिन त्याच्या ओळखीच्या दुकानातून आणि ठराव मार्चच्या आत. त्याच दुकानातून दुसऱ्या एका गटाने हीच सगळी यंत्रं ७ लाखांना घेतली, असं ताईंच्या कानावर आलं आहे. गटात चौघी तयार, तिघी नको म्हणतात, दोघी गप्प. घरात नवरा म्हणतो, ‘सगळेच असं करतात, तू कशाला आडवी येतेस?’ ताई विचारतात : अनुदान घ्यावं की सोडावं? सोडलं तर बायका म्हणतील, अध्यक्षामुळं आमच्या तोंडचा घास गेला. आणि मी पडले दहावी पास, हे कागद मला काय कळणार? पत्राच्या कडेला बारीक अक्षरात एक ओळ आहे : ‘दोन कोऱ्या कागदांवर माझी आणि सचिवाची सही झालेली आहे.’

ताई,

कडेला लिहिलेल्या त्या ओळीवर मी शेवटी येते. तोवर एवढं करा, तिसऱ्या कागदावर सही करू नका. कुणी दारात उभं राहून घाई केली तरी नको.

मी बरीच वर्षं बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये कर्जाच्या टेबलावर बसले. जत तालुक्यातल्या एका गावात वसुलीसाठी गेले होते, ते अजून विसरलेले नाही. समाजमंदिराच्या कोपऱ्यात शेवयांचं मशिन पोत्याखाली झाकून ठेवलेलं. पोतं उचललं तर उद्घाटनाच्या दिवशी ओढलेली हळदी-कुंकवाची पाच बोटं मशिनच्या अंगावर जशीच्या तशी. दीड वर्ष झालं होतं. मशिन चाललं असतं तर पिठानं नाहीतर पुसण्यानं ती बोटं गेली असती. मशिन आलं, थ्री फेजचं मीटर आलं नाही. मीटर येईपर्यंत लग्नसराई संपली आणि हप्ता मात्र सुरू झाला होता. त्या गटातल्या बायका आळशी नव्हत्या, लबाड तर नव्हत्याच. त्यांना एकच प्रश्न कुणी विचारला नव्हता : तुमचं नेमकं अडतंय कुठं?

तोच प्रश्न मी तुम्हाला विचारते, आणि त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये नवी मिरची येते तेव्हा गटाकडे रोख नसते, म्हणून मे महिन्यात व्यापाऱ्याकडून उधारीवर घ्यावी लागते आणि किलोमागे ६० रुपये जास्त जातात. शिवाय दिवाळीत पुण्याहून ६० किलोची मागणी आली होती, ती मिरची संपल्यामुळं परत करावी लागली. आता हिशोब करा. ४०० किलोच्या कांडपाला तुमचे वर्षाला १६ हजार जातात. उधारीच्या मिरचीपायी २४ हजार जातात, आणि परत केलेल्या मागणीचं नुकसान वेगळंच. म्हणजे तुमचं दुखणं कांडपाचं नाही, मिरचीचं आहे. आणि औषध आणायला निघालाय १० लाखांच्या मशिनचं. उद्या मशिन आलं, मीटरही आलं असं धरू. मार्च उजाडल्यावर त्यात घालायची मिरची कशाने घेणार? रोख तर तेव्हाही नसेल, कारण हप्ता जात असेल.

‘पदरचा एक रुपया नाही’ हे वाक्यही उलगडून बघायला हवं. हीच आकडेमोड गटाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवा आणि सगळ्यांना दाखवा.

तो पुतण्या ज्या योजनेबद्दल बोलतोय ती, तुमच्या वर्णनावरून, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना दिसते. २०२० साली सुरू झाली, आपल्याकडे कृषी खातं राबवतं. एका उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख अनुदान. लाभार्थ्याने स्वतःचे किमान १० टक्के घालायचे, बाकीचं बँकेचं कर्ज. यंत्रांची खरी किंमत ७ लाख धरली तर तुमचे ७० हजार, बँकेचे ६ लाख ३० हजार. त्यातून अनुदानाचे २ लाख ४५ हजार वजा जातील. तुम्ही फेडायचे ३ लाख ८५ हजार. तुमचे ७० हजार धरून यंत्रं तुम्हाला ४ लाख ५५ हजारांना पडली, व्याज सोडून.

आता १० लाखांचं बिल केलं तर? अनुदान साडेतीन लाख, वाचायला छान. तुमच्या वाट्याचा १ लाख दुकानदार ‘जुळवून’ देईल, म्हणून पदरचा रुपया नाही. कर्ज ९ लाख. अनुदान वजा जाता तुम्ही फेडायचे साडेपाच लाख. म्हणजे पदरचे ७० हजार घालायला नकोत म्हणून १ लाख ६५ हजार जास्त फेडायचे, वर त्यावरचं व्याज. आणि बिलात फुगवलेल्या ३ लाखांतला १ लाख तुमच्या वाट्यापोटी बँकेत भरला, तर उरलेले २ लाख कुणाच्या खिशात गेले? ते तुमच्या दहाजणींच्या नावावरचे पैसे आहेत. फाइलचे २० हजार त्याच्याही वर.

नवरा म्हणतात, सगळेच असं करतात. काहीजण करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्या दहा लाखांच्या बिलावर, कर्जाच्या अर्जावर, ठरावावर कुणाची सही असते ते बघा. अध्यक्षाची आणि सचिवाची. पुतण्याची सही कुठल्याच कागदावर नसते. चौकशीचा कागद आला की तो तुमच्या नावानं येतो, आणि हप्ता थकला तर गटाची सहा वर्षांची पत जाते. ही पत पुन्हा उभी करायला सहा वर्षंही पुरत नाहीत. हे नवऱ्याला शांतपणे सांगा. ते तुमच्या विरोधात आहेत असं मला पत्रावरून वाटलं नाही, त्यांना भांडण नकोय एवढंच.

अनुदान हातात कसं येतं, याबद्दलही बराच गैरसमज आहे. ते हातात येतच नाही. या योजनेत ती रक्कम बँकेत तुमच्या कर्जाला जोडलेल्या वेगळ्या खात्यात बाजूला ठेवतात. कर्जाच्या रकमेचा शेवटचा टप्पा बँकेकडून तुम्हाला मिळाला की तिथून तीन वर्षं मोजायची. तीन वर्षांनंतर कर्जखातं नियमित असेल आणि उद्योग चालू असेल तर ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणून अनुदानाला मी बक्षीस म्हणत नाही. तीन वर्षं धंदा नीट चालवून दाखवाल, तेव्हा ते तुमचं. ज्याला फक्त फाइल मंजूर करायची आहे त्याचं काम पहिल्या महिन्यात संपतं, तुमचं त्यानंतर सुरू होतं.

मग ७ लाखांचं मशिन सरळ मार्गानं घ्यावं का? ३ लाख ८५ हजार पाच वर्षांत फेडायचे म्हटलं तर वर्षाला ७७ हजार, व्याज सोडून. तुमचा स्वतःचा कांडपखर्च वाचणार १६ हजार. बाकीचे ६१ हजार गावकऱ्यांची मिरची कुटून काढायचे म्हटले तर ४० रुपयांच्या दरानं १,५०० किलोपेक्षा जास्त मिरची लागेल, आणि वीजबिल, मजुरी अजून त्यात धरलेली नाही. तुमच्या गावात साडेतीनशे उंबरे आहेत असं लिहिलंय. घरटी पाच किलो धरली आणि झाडून सगळे तुमच्याकडं आले तरी १,७५० किलो. शेजारच्या गावात कांडप आहे, म्हणजे सगळे येणार नाहीत. हंगाम तर मार्च ते मे, तीन महिन्यांचा. वर्षातले नऊ महिने मशिन गप्प आणि हप्ता बारा महिने चालू. मला हे गणित आज बसत नाही. दोन वर्षांनी तुम्ही १,२०० किलोवर गेलात तर बसेल, तेव्हा घ्या, आणि तेव्हा अनुदानासकट घ्या.

तुम्ही अनुदान नाकारताय असं मला तुम्हाला अजिबात वाटू द्यायचं नाही. सरकारी अनुदान ही कुणाची मेहेरबानी नाही, आपल्यासारख्यांच्या करातून आलेला पैसा आहे आणि दुष्काळी पट्ट्यातल्या बायकांपर्यंत तो पोचलाच पाहिजे. माझी तळमळ एवढीच की तो तुमच्या अडचणीच्या जागी पोचावा. त्याच योजनेत एक भाग आहे ज्याबद्दल एजंट सहसा बोलत नाही, कारण त्यात मशिन नाही, म्हणून दुकान नाही. अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटातल्या प्रत्येक सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल. खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी. हे उमेदच्या, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या राज्याच्या अभियानाच्या माध्यमातून येतं. पैसा गटांच्या महासंघाच्या पातळीवर येतो आणि सदस्यांना कर्ज म्हणून मिळतो, त्यामुळे फेडायचा असतोच. दहाजणींचे मिळून ४ लाख होतात. मार्चमध्ये बेडगी आणि संकेश्वरी मिरची रोखीनं घ्यायला तुम्हाला हेच हवंय. उमेदचं काम बघणाऱ्या तुमच्या गावच्या समुदाय संसाधन व्यक्तीला, प्रभाग समन्वयकाला विचारा, आमच्या गटाचं नाव बीज भांडवलासाठी गेलंय का, नसेल तर काय राहिलंय. नुसतं तोंडी विचारू नका, गावातल्या गटांच्या ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घ्या आणि इतिवृत्तात लिहवून घ्या. आणि योजनेची मुदत, निकष आजच्या तारखेला काय आहेत ते तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा. योजना वाढतात, बदलतात. दोन वर्षांपूर्वीच्या माहितीवर ठराव करू नये.

त्याच कार्यालयात विचारायची दुसरी गोष्ट म्हणजे जिल्हा संसाधन व्यक्ती. तुमचा प्रकल्प अहवाल करायला, अर्ज भरायला, बँकेत पाठपुरावा करायला या योजनेत माणूस नेमलेला असतो आणि त्याचं मानधन सरकार देतं. तुमच्याकडून एक पैसा घ्यायचा नाही. उद्यम नोंदणीला, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीलाही शुल्क नाही. तेव्हा त्या फाइलच्या २० हजारांचं काय ते तुम्हीच ठरवा.

पत्र वाचून आणखी काहीजणी विचारतील, गट नाही, एकटीनं करायचं तर? त्यांच्यासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. खादी ग्रामोद्योग आणि जिल्हा उद्योग केंद्राकडून चालतो. ग्रामीण भागात महिलांना ३५ टक्के अनुदान, स्वतःचा वाटा ५ टक्के. तिथंही अनुदान तीन वर्षं बँकेतच राहतं, आणि तिथंही हाच प्रश्न पहिला : अडतंय कुठं?

ग्रामपंचायतीचं दार तुम्ही वाजवलेलं दिसत नाही, पत्रात उल्लेखच नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. तुमच्या गावचं उत्पन्न लहान असेल, त्यातून मशिन येणार नाही. पण मिरची वाळवायला पत्र्याची शेड, पॅकिंगचं प्रशिक्षण, किंवा पंचायतीची रिकामी खोली भाडेकरारानं, एवढं मागता येतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती कागदावरच होत असेल तर यावेळी दहाजणी जाऊन बसा आणि विषय मांडा. खोलीचा करार हातात असला तर उद्या बँकेत तो उपयोगी पडतो, मीटरच्या अर्जालाही लागतो.

काम आधी आणि पैसा मागून, हे आपल्याच भागात घडलेलं आहे. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राज्यभर सुरू झालं, ते आर. आर. आबांनी, तासगावच्या माणसानं. बक्षिसाची रक्कम ठरलेली होती, पण गावांनी हातात खराटा आधी घेतला. गटारं, रस्ते, शाळांच्या भिंती लोकांनी श्रमदानातून केल्या, आणि त्या कामाची किंमत काढली तर बक्षिसापेक्षा कितीतरी जास्त भरली असती. बक्षीस न मिळालेल्या गावांतही रस्ते स्वच्छ राहिले. पैसा कामाच्या मागून आला की असं होतं, हे मी त्या काळात गावोगाव फिरताना पाहिलं.

‘मी दहावी पास’ हे तुम्ही तीनदा लिहिलंय. शेजारच्या सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात म्हसवडला १९९७ साली बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढली, माणदेशी. चेतना सिन्हा यांच्यासोबतच्या त्या बायकांचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण प्रवर्तकांत अंगठा उठवणाऱ्या बायका होत्या. त्या शिकल्या, परत गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नव्हतं पण व्याज काढता येतं, तुमच्याबरोबर काढून दाखवतो. बँक झाली. तुम्ही तर सहा वर्षं गटाची वही लिहिताय. वर मी केलेला हिशोब बेरीज-वजाबाकी आणि टक्केवारीचा आहे, तुमच्या गटाच्या व्याजापेक्षा सोपा.

आता बैठकीचं. तुम्हाला खरी भीती कागदांची नाही, माणसांची आहे, आणि ती बरोबर आहे. पुतण्या चोर आहे, असं बैठकीत म्हणू नका. त्याची काकू तिथं बसलेली असेल. उद्या तिच्याच घरात लसूण सोलायला जमायचंय. त्याला बैठकीला बोलवा, चहा द्या, आणि सांगा, दादा, तू सांगतोयस ते एका कागदावर लिहून सही करून दे : यंत्रं कोणती, कंपनी कोणती, किंमत किती, अनुदान किती, आम्ही फेडायचे किती, तुझी फी किती. सरळ असेल तर देईल. मग तेच यंत्र आणखी दोन ठिकाणी विचारून दरपत्रकं आणायची, कोटेशन म्हणतात ती. मिरजेत, सांगलीत, कोल्हापुरात कुठंही. लिहून द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर तुम्हाला काहीच बोलावं लागणार नाही. काकूही बघत असेल.

त्या दोघी गप्प आहेत, त्यांच्याकडं आधी जा. एकेकटीकडं, घरी, संध्याकाळी. माझ्या अनुभवात गप्प बसणारी बाई बहुतेक वेळा कुणाच्या तरी दबावाखाली असते, किंवा तिला आकडा कळलेला नसतो आणि विचारायची लाज वाटते. ठराव करताना हात वर करून मत घेऊ नका. मसाल्याचा एक रिकामा डबा मधोमध ठेवा. हो म्हणणारीनं लसणाची पाकळी टाकायची, नाही म्हणणारीनं मिरचीचा देठ. सगळ्यांच्या मुठी बंद. निकाल काय लागायचा तो लागेल, पण तो दहाजणींचा असेल. ‘अध्यक्षामुळं घास गेला’ असं मग कुणी म्हणू शकणार नाही, आणि ‘अध्यक्षामुळं अडकलो’ असंही नाही. कर्ज गटाच्या नावावर असतं तेव्हा फेडायची जबाबदारीही सगळ्यांची असते, एवढं मात्र पाकळी टाकायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवा.

आणि बहुमत मोठ्या बिलाच्या बाजूनं पडलं तर? तर तुम्ही पद सोडा, गट सोडू नका. खोट्या किमतीवर सही करणार नाही, एवढं इतिवृत्तात लिहवून घ्या. हे जड आहे, मला माहीत आहे. पण मला वाटतं वेळ तिथवर येणार नाही. वहीच्या मागच्या पानावरचे दोन आकडे, ४ लाख ५५ हजार आणि ५ लाख ५० हजार, शेजारी शेजारी लिहिलेले बघितल्यावर त्या चौघींतल्या किमान दोघी विचारात पडतील.

मार्चची घाई मनातून काढून टाका. या आर्थिक वर्षाचा निधी संपला तर पुढच्या वर्षी अर्ज होतो. मार्चमध्ये तुम्हाला एकच घाई असायला हवी, बाजारात नवी मिरची उतरलीय तिची. बीज भांडवल त्याआधी येईल न येईल. न आलं तर गटाच्या अंतर्गत कर्जातून किंवा बँकेच्या पुढच्या कर्जातून निदान १०० किलो तरी रोखीनं घेऊन ठेवा, नीट वाळवून, कोरड्या जागी. त्या १०० किलोमागेच तुमचे ६ हजार वाचतात, आणि पुण्याची ६० किलोची मागणी यावेळी परत जाणार नाही.

आता त्या कडेला लिहिलेल्या ओळीबद्दल. कोऱ्या सह्या झाल्या म्हणून स्वतःला बोल लावत बसू नका, हे शिकल्या-सवरल्या माणसांकडूनही होतं. सचिवाला बरोबर घ्या आणि पुतण्याकडं ते दोन्ही कागद परत मागा. दिले तर त्यांवर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहा, तारीख घाला आणि फाइलला ठेवा, फाडू नका. ‘सापडत नाहीत’ म्हणाला तर त्याच दिवशी गटाच्या वहीत ठराव लिहा : अमुक तारखेला अध्यक्ष व सचिवाच्या सह्या असलेले दोन कोरे कागद बाहेर गेले आहेत, आजच्या तारखेआधीचा कोणताही कर्जाचा किंवा खरेदीचा ठराव गटाने केलेला नाही, यापुढे सगळ्या सदस्यांच्या सह्या असलेला ठरावच ग्राह्य धरावा. त्याच्या चार प्रती काढा. एक बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना, एक तालुका कृषी कार्यालयात, एक उमेदच्या तालुका कक्षात. चौथी प्रत बरोबर ठेवा, तिन्ही ठिकाणी तिच्यावर आवकचा शिक्का, सही आणि तारीख घ्या, आणि घरी आल्यावर ती गटाच्या वहीत चिकटवून टाका.